शितावरून भाताची परीक्षा
(गांवकरी मंडळींपुढें दिलेलें व्याख्यान)



आज मीं बोलावयास जो विषय घेतला आहे, त्याला पंडितांनीं मोठमोठीं नांवें देऊन ठेविलीं आहेत. पण आपल्या मायबहिणी तो विषय रोज चुलीपाशीं चालवितात. भात शिजला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं त्या सारा भात खाऊन पाहत नाहींत. पळीनें एक शीत काढतात, बोटांत दाबून पाहतात आणि तपेलें खालीं उतरवितात. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. थोडें पाहून सगळ्याविषयीं ठरविणें, एका गोष्टीवरून अनेक गोष्टींचें अनुमान काढणें, हा तो विषय होय.

हें अनुमान वाईट आहे असें कोणी समजूं नये. त्याच्यावांचून घटकाभर चालावयाचें नाहीं. एका विस्तवाचा चटका बसल्यावर दुसऱ्या विस्तवापासून जो हात मागें घेत नाहीं, तो जगणार कसा? पण आपल्या वडीलधाऱ्यांनीं शितावरून भात ही एकच म्हण मागें ठेविली नाहीं. दुधानें तोंड पोळलें म्हणजे ताकहि फुंकून पितात, असेंहि ते सांगून गेले. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गांठ पडली, असेंहि सांगून गेले. पहिली म्हण सांगते, एकावरून सगळें ओळखा. दुसऱ्या दोन सांगतात, तसें कराल तर फसाल. मग खरें काय? तिन्ही खऱ्या आहेत. कोणती म्हण कोठें लागू पडते हें ओळखण्यांतच शहाणपण आहे, आणि तेवढेंच आज आपण मिळून पाहूं.

आधीं सांगा, भाताला एक शीत पुरतें तें कां? तांदूळ एक, पाणी एक, तपेलें एक आणि खालचा जाळहि एक. उकळत्या पाण्यांत दाणे आपोआप वरखालीं होतात. म्हणून एका दाण्याची जी गति तीच सगळ्यांची. पण जुना आणि नवा तांदूळ एकत्र करून कोणी रांधावयास घेतला तर? नवा लवकर शिजून गिचका होतो आणि जुना कच्चा राहतो. तेथें हातांत आलेलें शीत नव्याचें असलें कीं परीक्षा फसली. परीक्षेची रीत तीच, हात तोच. फक्त तपेल्यांतले दाणे एकसारखे राहिले नाहींत.

आतां कुंभारदादांकडे चला. माती एक, चाक एक, घडविणारा हात एक. तरीहि गिऱ्हाईक एका मडक्याला टिचकी मारून दहा मडकीं उचलीत नाहीं. प्रत्येक मडकें वाजवून घेतें. कां? भट्टींत आंच सगळीकडे सारखी लागत नाहीं. कडेचें मडकें कच्चें राहतें, मधलें कधीं जास्त भाजतें, एखाद्याला बारीक चीर जाते. बाजारांत वांगीं घेणारी बाईहि एक वांगें पाहून पाटी उचलीत नाहीं, कारण एका वांग्यांत कीड नाहीं म्हणून शेजारच्यांत नसेल असें होत नाहीं. सांगण्याचें तात्पर्य, भात एका शितानें कळतो, मडकीं एका टिचकीनें कळत नाहींत. हें ज्ञान आपल्या घरांत पूर्वापार आहे. माणसांविषयीं बोलूं लागलों कीं मात्र तें आपण चुलीपाशींच ठेवून येतों.

दुसरी गोष्ट, नमुना कोणीं निवडला? आपण धान्य घेऊन बाजारांत गेलों तर व्यापारी पोत्याचें तोंड सोडून वरचे दाणे पाहत नाहीं. टोंकदार पोकळ सळई पोत्यांत खुपसून आंतले दाणे काढतो. वर चांगलें आणि खालीं हलकें, ही युक्ति त्याला ठाऊक आहे. तो आपला माल असा पाहतो, पण आपण त्याचा माल कसा पाहतों? पेरणीपूर्वीं घरच्या बियाण्याची परीक्षा करावयाची झाली तर प्रत्येक पोत्यांतून, वरून, मधून आणि तळांतून मूठमूठ दाणे घ्यावे, ते एकत्र करावे आणि न निवडतां शंभर दाणे मोजावे. ओल्या गोणपाटावर ओळीनें मांडून तें गुंडाळावें, सावलींत ठेवावें आणि वाळूं देऊं नये. सात आठ दिवसांत चांगले मोड किती आले ते मोजावे. अशी परीक्षा दोनतीन वेळां केली आणि सोयाबीनचे शंभरांत सत्तर किंवा अधिक दाणे उगवले, तर बियाणें पेरण्याजोगें समजतात. त्याहून थोडे कमी उगवले तर एकरीं बियाणें वाढवावें लागतें, आणि फारच कमी उगवले तर तें बियाणें बदललेलें बरें. येथें एका दाण्यावर आपण कांहींच ठरवीत नाहीं. ठसठशीत दाणे वेंचून घेतले तर शंभरांतले पंचाण्णवहि उगवतील, पण ती परीक्षा बियाण्याची नव्हे. ती आपणच आपली केलेली फसवणूक होय.

हीच फसवणूक दुसरे लोक आपली कशी करतात तें पहा. एखाद्या देवस्थानांत गेलों कीं नवसाचे पाळणे टांगलेले दिसतात. पुजारी म्हणतो, पहा किती जणांचे नवस फळाला आले! पाळणे खरे आहेत, मोजून घ्या. पण ज्यांनीं नवस केला आणि ज्यांच्या घरीं पाळणा हालला नाहीं, त्यांनीं येथें काय टांगावें? ते रित्या हातानें घरीं गेले. त्यांची मोजणी देवळांतहि नाहीं आणि पुजाऱ्याच्या तोंडींहि नाहीं. फळलेले आणि न फळलेले असे दोन्ही नवस मांडल्याशिवाय, आणि नवस न करणाऱ्यांना मुलें किती झालीं हें पाहिल्याशिवाय, नवसाचा हिशेब पुरा होत नाहीं. सावकाराच्या वहींतली नुसती जमेची बाजू वाचून आपण दिवाळें आहे कीं नफा हें ठरवूं काय?

पाळण्यांना हंसणें सोपें आहे. पण हल्लीं मोबाईलवर रोज एक नवा पाळणा टांगला जातो, त्याला आपण हात जोडतों. अमक्या शेतकऱ्यानें एका एकरांत टोमॅटो लावले आणि बंगला बांधला, अशी बातमी चित्रासह येते. बातमी खोटी असेल असें मी म्हणत नाहीं. पण त्याच वर्षीं त्याच भागांत ज्यांचे टोमॅटो पावसानें सडले, ज्यांना तोडणीची मजुरीहि सुटली नाहीं, त्यांचें चित्र कोणीं काढलें? आणि दुसरें असें कीं, त्या एकाला भाव मिळाला तो बाजारांत माल थोडा होता म्हणून. तीच बातमी वाचून तालुकाभर टोमॅटो लागले कीं जो दाखला पाहून आपण लावले, तो दाखलाच मोडतो. रस्त्याच्या कडेला ओतलेले टोमॅटो आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिले आहेत.

आतां हेंच अनुमान जेथें माणसांच्या जिवाशीं येऊन भिडलें, ती हकीकत सांगतों.

सन 1896 सालीं मुंबईंत प्लेग आला आणि पुढें तो गांवोगांव पसरला. पुण्यास रोग्यांची सेवा करतां करतां सावित्रीबाई फुले स्वतः त्या रोगानें 10 मार्च 1897 रोजीं वारल्या, हें आपणांस माहीत आहेच. त्या दिवसांत खेड्यांतल्या लोकांनीं एक गोष्ट हेरली. घरांत उंदीर पडूं लागले कीं कांहीं दिवसांनीं माणसें पडतात. म्हणून उंदीर मरतांना दिसले कीं लोक घरें सोडून रानांत झोंपड्या घालून राहत. हें ज्ञान त्यांना कोणीं शिकविलें नव्हतें. पण तें कावळ्याचें आणि फांदीचें अनुमान नव्हतें. एकाच गांवीं नव्हे, अनेक गांवीं तेंच दिसलें. आधीं उंदीर आणि मागून माणसें, हा क्रमहि तोच राहिला. सन 1898 मध्यें सिमाँ नांवाच्या फ्रेंच डॉक्टरानें कराचींत प्रयोग करून दाखविलें कीं, हा रोग उंदराच्या पिसवा वाहून नेतात. पुष्कळ विद्वानांना तें बरींच वर्षें पटलें नाहीं. सन 1905 पासून मुंबईस परळ येथें पुष्कळ प्रयोग झाले, तेव्हां कोठें तें सर्वमान्य झालें. कारण पुढें कळलें, पण उंदरांची खूण रानांत झोंपडी घालणाऱ्या शेतकऱ्यानें आधींच ओळखली होती.

त्याच काळांत मुंबईस हाफकिन नांवाच्या शास्त्रज्ञानें प्लेगावर लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजीं ती प्रथम स्वतःला टोंचून घेतली. मोठी धैर्याची गोष्ट. पण तेवढ्यावरून काय सिद्ध झालें? तो जगला, म्हणजे लस घेऊन माणूस जगूं शकतो एवढेंच कळलें. ती प्लेगापासून वांचविते, हें एका माणसावरून कळण्याजोगें नव्हतें.

तें कळलें तें बडोद्याजवळच्या उंधेरा नांवाच्या खेड्यांत. सन 1898 च्या फेब्रुवारींत तेथें प्लेग चालू होता. हाफकिननें काय केलें? प्रत्येक कुटुंबांतील माणसें एकत्र उभीं केलीं आणि वय, स्त्रीपुरुष, प्रकृति हीं पाहून साधारण निम्म्यांना लस टोंचली, निम्म्यांना टोंचली नाहीं. पुढें ज्या 28 कुटुंबांत प्लेग शिरला त्यांचा हिशेब असा निघाला. लस न टोंचलेलीं माणसें होतीं 64. त्यांपैकीं 27 आजारी पडलीं आणि 26 दगावलीं. लस टोंचलेलीं होतीं 71. त्यांपैकीं 8 आजारी पडलीं आणि 3 दगावलीं.

यांतली खुबी पहा. एकाच घरांतलीं माणसें, एकाच छपराखालीं निजणारीं, एकाच घागरीचें पाणी पिणारीं; उंदीर तेच आणि पिसवा त्याच. फरक म्हणून काय तो टोंचण्याचा. श्रीमंतांच्या आळींत टोंचून गरिबांच्या आळीशीं तोललें असतें, तर घर मोठें म्हणून वांचले कीं लसीनें वांचले हें कळलें नसतें. येथें मात्र सगळे दाणे एकाच तपेल्यांतले होते. दुसरेंहि पहा. लस घेतलेल्यांतहि तीन माणसें दगावलीं. त्यांपैकीं एकाच्या घरीं जाऊन कोणी आला असता तर त्यानें गांवभर सांगितलें असतें कीं, लस खोटी; माझ्या डोळ्यांदेखत टोंचलेला माणूस मेला. तो खोटें बोलला नसता. त्यानें पाहिलें तें खरें असतें. पण त्यावरून जें ठरविलें तें खोटें असतें.

पुढें असेंच घडलें, आणि फार मोठ्या प्रमाणावर घडलें. पंजाबांत मुल्कोवाल म्हणून एक गांव आहे. तेथें 30 ऑक्टोबर 1902 रोजीं 107 माणसांना प्लेगाची लस टोंचली. त्यांपैकीं 19 जणांना थोड्याच दिवसांत धनुर्वात झाला आणि एकोणीसच्या एकोणीस मेले. एका गांवांतून एकोणीस प्रेतें निघालीं, त्या गांवाचा आक्रोश कोण विसरेल? लसीविषयीं लोकांच्या मनांत भीति बसली, हाफकिनला कामावरून दूर करण्यांत आलें आणि त्याच्या प्रयोगशाळेवर ठपका आला.

पण हिशेब नीट मांडा. मेलेले एकोणीसहि एकाच बाटलींतून टोंचलेले होते. त्याच दिवशीं, त्याच गांवांत, दुसऱ्या बाटल्यांतून टोंचलेल्या 88 जणांना धनुर्वात झाला नाहीं. मग दोष लसीचा कीं बाटलीचा? चौकशींत निघालें कीं, ती बाटली उघडण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करतां, नुसता औषधाच्या पाण्यांत बुडवून वापरला होता. धनुर्वाताचे जंतु मातींत आणि शेणांत असतात, हें आपणां शेतकऱ्यांना सांगावयास नको. तरीहि हाफकिनवरचा ठपका निघावयास सन 1907 उजाडावें लागलें, आणि तेंहि पुष्कळ नामांकित शास्त्रज्ञांनीं त्याची बाजू जाहीरपणें मांडली तेव्हां. मधल्या वर्षांत पंजाबांत प्लेगानें लाखों माणसें नेलीं, आणि बचावाचें एक साधन हाताशीं असतां भीतीनें पुष्कळांनीं त्याकडे पाठ फिरविली. सन 1925 मध्यें परळच्या त्या प्रयोगशाळेला हाफकिनचेंच नांव देण्यांत आलें.

तर मग ते एकोणीस मृत्यु म्हणजे कांहींच नव्हेत काय? तसें म्हणणारा माणूस नव्हे. त्या एकोणीस जणांनीं मरून एक मोठी गोष्ट शिकविली कीं, हत्यार स्वच्छ नसेल तर औषधाचेंहि विष होतें. म्हणून मी म्हणतों, एक दाखला फुकट टाकूं नका, पण त्याची किंमत ओळखा. एक दाखला सांगतो कीं असें घडूं शकतें. असें नेहमीं घडतें, हें तो सांगत नाहीं. हे दोन शब्द एकमेकांत मिसळले कीं अनर्थ होतो.

असा अनर्थ माझ्याच घरांत झाला, तो सांगून मग विषय संपवितों. माझी आजी लहानपणीं शाळेंत जात होती. अक्षरें लावून वाचूं लागली होती. त्या वर्षीं शेजारच्या आळींतली एक मुलगी, जी चार बुकें शिकली होती, लग्नानंतर वर्षभरांतच विधवा झाली. झालें! चावडीपासून पाणवठ्यापर्यंत एकच बोलणें कीं, शिकलेल्या मुलीला कुंकू लाभत नाहीं. त्याच गांवांत न शिकलेल्या किती पोरी विधवा होऊन कोपऱ्यांत बसल्या होत्या, त्या कोणीं मोजल्या नाहींत. त्या रोजच्याच होत्या, त्यांच्याविषयीं काय बोलावयाचें? आजीला दुसऱ्या दिवसापासून शाळेंतून काढलें. पुढें आजोबा अंथरुणाला खिळले असतां सावकारानें कागद पुढें केला. काय लिहिलें आहे तें त्यानेंच वाचून दाखविलें आणि आजीनें अंगठा उठविला. नदीकांठचें चार एकर रान गेलें. आजी म्हातारपणीं म्हणे, बाबा, मला दोन वर्षें आणखी शाळा मिळाली असती तर तो कागद मीं वाचला असता. एका मुलीच्या दुर्दैवावरून सगळ्या मुलींचें ठरविलें, त्याचा दंड आमच्या घरानें असा भरला.

मंडळी, हीच रीत आपण जातीजातींविषयीं चालवितों. एका जातीचा एक माणूस लबाड निघाला कीं ती जातच तसली. एका गांवची सून भांडकुदळ निघाली कीं त्या गांवची मुलगी करूं नका. आपल्या जातीविषयीं दुसरा असें बोलला म्हणजे आपल्या अंगाचा भडका उडतो. आपण दुसऱ्याविषयीं बोललों म्हणजे तो अनुभव ठरतो! मडकीं एकएक वाजवून घेणारे आपण, माणसें मात्र गाड्याच्या गाडे एका टिचकीनें फेंकून देतों.

आतां कोणी विचारील कीं, एका दाखल्याचें बळ कोठेंच चालत नाहीं काय? चालतें, आणि फार मोठें चालतें. जेथें कोणी म्हणतो, अमक्यांना हें कधींच येणार नाहीं, तेथें उलट असा एक दाखला पुरे. बायकांच्या आणि शूद्रांच्या डोक्यांत विद्या शिरतच नाहीं, असें पूर्वीं छातीठोक सांगत. सन 1848 मध्यें पुण्यास जोतीराव फुल्यांनीं मुलींची शाळा काढली. तेथील पहिली मुलगी ज्या दिवशीं वाचूं लागली, त्या दिवशीं तो सिद्धान्त मोडला. दुसऱ्या मुलीची वाट पाहण्याचें कारण नव्हतें. पण हेंच बळ उलट बाजूनें वापरूं देऊं नका. हल्लीं म्हणतात, पहा, अमक्या मजुराचा मुलगा मोठा अधिकारी झाला. म्हणजे गरिबीची अडचण आतां कोणालाच नाहीं, जो मागें राहिला तो आळशी. त्या मुलाचें कौतुक आपण सगळे करूं. त्याच्यावरून एवढें सिद्ध झालें कीं मजुराचा मुलगा अधिकारी होऊं शकतो. त्याच्या वर्गांतलीं किती पोरें ऊसतोडीला गेलीं, फीच्या पैशांसाठीं किती थांबलीं, हें त्या एका मुलावरून कसें कळणार? तीं पोरें मोजावीं लागतील.

म्हणून यापुढें कोणी एक गोष्ट सांगून सगळ्यांचा निवाडा करूं लागला, तर त्याला चार गोष्टी विचारा. हे सगळे दाणे एकाच तपेल्यांतले आहेत काय, कीं भट्टींतलीं मडकीं आहेत? किती पाहिले, आणि ते कोणीं वेंचून दिले? जेथें तसें घडलें नाहीं, तें मोजलें काय? आणि उलट दाखला शोधला होता काय, कीं समोर आला तोच धरला? या चार प्रश्नांना इंग्रजी लागत नाहीं, पोथी लागत नाहीं आणि भटजीहि लागत नाहीं.

मात्र एक सांभाळा. चार प्रश्न शिकलों म्हणून सगळें जग मोजून झाल्याशिवाय पाऊल उचलावयाचें नाहीं, असें करूं नका. मृग निघाल्यावर शेतकऱ्याला पेरावें लागतें. पुढचा पाऊस कसा पडेल तें कोणीं पाहिलें आहे? जेवढें पाहिलें तेवढ्यावर ठरवावें, पण "सगळे" म्हणण्याऐवजीं "बहुतेक" म्हणावें, "नेहमीं" म्हणण्याऐवजीं "आजवर पाहिलें तितकें" म्हणावें, आणि नवें कांहीं दिसलें तर ठरविलेलें बदलावयास लाजूं नये.

घरीं गेल्यावर दोन कामें करा. पेरणीचे दिवस जवळ आहेत, तर पोत्यांतले शंभर दाणे गोणपाटांत घाला, आणि घरांतल्या मुलीला मोड मोजून पाटीवर लिहावयास सांगा. ती तुमच्याहून बरोबर मोजील असें मला वाटतें. पण माझ्या बोलण्यावर विसंबूं नका, तिला मोजूं देऊन पहा.